चौमासा आणि घरी बांधलेले विमान

युरोप-अमेरिकेच्या थंड भागांतील हौशी वैमानिकाचे विमान वर्षातून काही महिने बर्फामुळे बंद असते. महाराष्ट्रात ही सक्तीची विश्रांती हिवाळा देत नाही, पावसाळा देतो. मराठ्यांच्या फौजा आषाढात छावणी करून राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत, कोकणातील गलबते नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असत, आणि एरवी गावोगाव फिरणारे यती चातुर्मासात एकाच ठिकाणी मुक्काम करीत. विसाव्या शतकात विमानही या जुन्या वेळापत्रकात येऊन बसले, आणि पुढे मोठ्या विमानांनी ते झुगारून दिले तरी लहान विमानांची त्यातून पूर्ण सुटका झाली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय या लहान विमानांतील एक विशेष प्रकार आहे: हौशी बांधणीचे विमान, म्हणजे कोणत्याही कारखान्यात विक्रीसाठी तयार न होता एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी आणि हौसेसाठी घरी, गच्चीवर किंवा शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलेले विमान. असे विमान बांधणे ही जेवढी कठीण गोष्ट समजली जाते, तेवढीच किंवा तिच्याहून कठीण गोष्ट म्हणजे दीर्घ खंडानंतर ते सुरक्षितपणे पुन्हा हवेत नेणे. आणि महाराष्ट्रातील या छंदाचा इतिहास पाहिला तर तो बराचसा अशा खंडांचाच इतिहास आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेले पुणतांबा हे या इतिहासाकडे पाहण्यासाठी सोयीचे ठिकाण आहे, जरी तेथे कोणी विमान बांधल्याची प्रसिद्धी नाही. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती पुणतांब्याच्या परिसरातूनच जाते. दौंड-मनमाड लोहमार्ग याच टापूत गोदावरी ओलांडतो. आणि रेडिओच्या साहाय्याने दिशा ठरवण्याची सोय नसलेल्या काळातील वैमानिकाला नदी व लोहमार्ग यांचा छेद हीच सर्वांत भरवशाची खूण असे, कारण गावांचा आकार बदलतो, पुलाची जागा बदलत नाही. शिवाय पुणतांब्याची जमीन ही लहान विमानाच्या अडचणीचा उत्तम नमुना आहे. गोदाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून चिकट होते, म्हणजे गवती धावपट्टी, अर्थात डांबर किंवा काँक्रीट न घालता केवळ सपाट करून दाबलेली पट्टी, येथे उन्हाळ्यात चाकाला धोकादायक आणि पावसाळ्यात निरुपयोगी ठरते. पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस कमी पडतो म्हणून विमानाला अडचण कमी, हे गणित या मातीत चालत नाही. थोड्या पावसानेही ती अनेक दिवस वाहनाचे चाक धरून ठेवते.

खंड पडलेले यंत्र पुन्हा सुरू करण्याची रीत मात्र या परिसराला विमानाच्या आधीपासून ठाऊक आहे, आणि ती साखर कारखान्यांमुळे. पुणतांब्यालगत चांगदेवनगर येथे खाजगी साखर कारखाना होता, जवळच हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा कारखाना होता, आणि १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. या सर्व कारखान्यांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते: गाळपाचा हंगाम आणि पावसाळ्यातील बंद हंगाम. बंद हंगामात गिरणीचे रोलर, पंप, झडपा आणि बॉयलरच्या नळ्या खोलून तपासल्या जातात; १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून बॉयलरला ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र लागते आणि ते शासकीय निरीक्षकाच्या तपासणीनंतरच मिळते; मग दसऱ्याच्या सुमारास अग्निप्रदीपन होते आणि काही दिवसांनी गव्हाणीत, म्हणजे ऊस गिरणीकडे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, पहिली मोळी टाकली जाते. पूजा आणि तपासणी यांची ही जोडी वरवर विजोड वाटली तरी तिच्यात शहाणपण आहे, कारण पूजेची तारीख ठरलेली असल्यामुळे तपासणी पुढे ढकलता येत नाही. विमानाच्या वार्षिक तपासणीचे तत्त्व नेमके हेच आहे. फरक इतकाच की कारखान्यात निरीक्षक, मुख्य अभियंता, फिटर आणि मालक ही वेगवेगळी माणसे असतात, तर हौशी विमानात ती बहुधा एकाच माणसात एकवटलेली असतात, आणि आपल्याच हाताने केलेल्या कामातील चूक आपल्याच डोळ्यांना दिसणे फार अवघड असते.

विमानाच्या पावसाळी खंडाचा महाराष्ट्रातील सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला ज्ञात असलेला अनुभव जुहूचा आहे. १९२८ मध्ये मुंबईचा फ्लाइंग क्लब स्थापन झाला आणि जुहू येथील विमानतळ त्याच वर्षी वापरात आला. ही जागा समुद्रसपाटीच्या जवळची, खाजणाची होती आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाई. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पुस मॉथ जातीचे विमान जुहूला उतरवले, आणि तेथून पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी पार पाडला. ऑक्टोबरात सुरू झालेली ही सेवा पुढच्या पावसाळ्यात जुहूहून चालवणे शक्य नव्हते. तेव्हा टाटांच्या त्या छोट्या कंपनीने आपली विमाने, वैमानिक आणि यंत्रकारागीर उचलून पुण्याला नेले आणि येरवड्याच्या मैदानावरून टपाल चालू ठेवले. देशातील पहिल्या नियमित विमानसेवांपैकी एक सेवा दरवर्षी सह्याद्री ओलांडून घाटमाथ्यावर मुक्काम हलवत होती, ही गोष्ट विमानवाहतुकीच्या इतिहासात अनेकदा गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. वास्तविक ती एक गंभीर व्यवस्थापकीय निवड होती, कारण विमान चार महिने उभे ठेवून ऑक्टोबरात पुन्हा सुरू करण्यापेक्षा ते दुसरीकडे नेऊन उडते ठेवणे यंत्राच्याही हिताचे होते.

उभे राहिलेले विमान झिजते, हे त्या काळातील यंत्रकारागिरांना पुरते ठाऊक होते. त्यांची विमाने लाकूड, पोलादी नळ्या आणि कापड यांची होती. कापडावर डोप नावाचे, कापड ताणून घट्ट व जलरोधक करणारे द्रावण चढवलेले असे. लाकडाचे भाग दुधातील प्रथिनापासून तयार केलेल्या केसीन सरसाने जोडलेले असत, आणि हा सरस सततच्या दमटपणात कमजोर होतो. दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या उत्तरार्धात भारतात तैनात असलेल्या मॉस्किटो या लाकडी लढाऊ विमानांपैकी काहींचे पंख हवेतच निकामी झाले, तेव्हा त्या जातीची विमाने थांबवून सांध्यांची कसून पाहणी करावी लागली. दोषाचा काही भाग बांधणीतील होता आणि काही भाग हवामानाच्या माथी मारला गेला, पण उष्ण व दमट प्रदेशात लाकडाच्या सांध्याकडे केवळ बाहेरून पाहून चालत नाही, हा धडा सर्वांनी घेतला. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, आपल्या पहिल्या टपाल-उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला, तो लेपर्ड मॉथ या प्लायवुडी सांगाड्याच्या जुन्या विमानातून. त्या दिवशी वृत्तपत्रांचे लक्ष वैमानिकाच्या वयाकडे असणे स्वाभाविक होते. पण सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच्या लाकडी सांगाड्याला समुद्रकिनाऱ्यावरून इतका पल्ला मारण्याजोगे सज्ज करणाऱ्या कारागिरांचे श्रेयही तितकेच मोठे आहे.

स्वातंत्र्यानंतर मोठ्या विमानांचा चौमासा संपला. पक्क्या धावपट्ट्या आल्या, आणि ३० जानेवारी १९४९ पासून सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करू लागली; पुणतांब्याच्या आकाशातील ही वाहतूक आता ऋतूंवर अवलंबून राहिली नाही. एक-दोन आसनी विमाने, ग्लायडर आणि पुढे मायक्रोलाइट, म्हणजे अत्यंत हलक्या वजनाचे व कमी वेगाचे मोटरचे विमान, यांच्यासाठी मात्र ढगांची खालची पातळी, घाटातील भोवरे आणि ओली मैदाने यांचे बंधन कायम राहिले.

अशा लहान विमानाच्या इंजिनात खंडाच्या काळात नेमके काय घडते, हे समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहास नीट कळत नाही. लहान विमानांच्या रूढ इंजिनांपैकी लायकॉमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपांची उघडझाप करणारा उंचवट्यांचा दांडा, वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद राहिले की त्यावरचे वंगणतेल हळूहळू खाली निथळते, पोलादाचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि इंजिनातील दमट हवेमुळे त्यावर गंज धरतो. हा गंज बाहेरून दिसत नाही. इंजिन सुरू झाल्यावर दांड्याचे उंचवटे आणि त्यांवर घासणारे भाग खरवडले जातात, धातूचे कण तेलात मिसळतात आणि कित्येक तासांच्या उड्डाणानंतर, कारणाचा विसर पडल्यावर, इंजिनाची शक्ती घटू लागते. म्हणून इंजिन ३० दिवसांहून अधिक बंद राहणार असेल तर त्यात गंजरोधक तेल घालावे, सिलिंडरांत ओलावा शोषणारी बुचे बसवावीत आणि हवा आत-बाहेर जाण्याची तोंडे बंद करावीत, असे निर्मातेच सांगतात. समुद्रकिनाऱ्यालगत ही ३० दिवसांची मुदतही उदार म्हणावी लागेल. दर आठवड्याला इंजिन दहा मिनिटे जमिनीवर फिरवून ‘गरम ठेवण्याची’ सवय अनेकांना असते आणि ती दिसते तितकी निरुपद्रवी नाही: ज्वलनातून पाण्याची वाफ तयार होते, ती तेलात उतरते, आणि तेल पुरेसे तापून ती वाफ उडून जाण्याआधीच इंजिन पुन्हा बंद होते, म्हणजे ओलावा घालवण्याच्या नावाखाली तो भरला जातो. खऱ्या उड्डाणात अर्धा-पाऊण तास तापलेले तेल जे काम करते ते जमिनीवरच्या घरघरीने होत नाही.

इंधनाच्या बाबतीत पुणतांब्याच्या ऊसपट्ट्याचा विमानाशी एक अनपेक्षित संबंध येतो. लहान विमानांसाठीचे खास पेट्रोल, म्हणजे एव्हिएशन गॅसोलीन १०० एलएल, भारतात दीर्घकाळ आयात होत असे आणि त्याचे देशी उत्पादन इंडियन ऑइलने २०२२ मध्ये सुरू केले. त्यामुळे मायक्रोलाइट आणि हौशी विमाने बांधणाऱ्यांना मोटारीच्या पेट्रोलवर चालणारी इंजिने आकर्षक वाटणे साहजिक होते. परंतु २००३ पासून भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचे प्रमाण पाच टक्क्यांपासून वाढत वीस टक्क्यांपर्यंत गेले, आणि त्या इथेनॉलचा मोठा वाटा याच गोदा-प्रवरा खोऱ्यासारख्या ऊस प्रदेशांतील कारखान्यांतून येतो. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झाले की ते आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचतात, आणि इंधन तळातूनच घेतले जात असल्यामुळे पहिला घोट त्याच मिश्रणाचा जातो. शिवाय काही रबरी नळ्या, जोड आणि फायबरच्या टाक्यांतील राळ इथेनॉलने मऊ पडते. लहान विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स ९१२ मालिकेच्या इंजिनांना निर्मात्याची संमती दहा टक्के इथेनॉलपर्यंतच आहे. शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळवून देणारे धोरण विमानाच्या टाकीला अडचणीचे ठरावे, यात कोणाचा दोष नाही. पण पावसाळाभर मोटारीचे पेट्रोल भरलेली टाकी तशीच ठेवून दसऱ्याला उड्डाण करणे हा आजच्या काळात पूर्वीपेक्षा मोठा धोका आहे, हे सांगणे भाग आहे.

उंदीर, चिमण्या आणि कुंभारमाशी हे खंडाच्या काळातील बिनभाड्याचे रहिवासी. उंदरांच्या मुताने ॲल्युमिनियम कुरतडल्यासारखे खराब होते आणि विजेच्या तारांची वेष्टने त्यांच्या दातांखाली जातात, पण खरा घात कुंभारमाशी करते. पिटॉट नळी ही पंखाखाली किंवा विमानाच्या नाकाजवळ समोर तोंड करून बसवलेली बारीक नळी. तिच्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वेगमापकाला वेग कळतो. या आकाराचे भोक कुंभारमाशीला अंडी घालण्यासाठी फारच सोयीचे असते आणि ती ते चिखलाने लिंपून टाकते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले बिर्गेनएअरचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. ते विमान सुमारे तीन आठवडे उभे होते, नळ्यांवर आवरणे घातलेली नव्हती, आणि वेगाचे चुकीचे आकडे दिसण्यामागे अशा माशीचे घरटेच असावे असा तपासाचा निष्कर्ष निघाला. एकाहून अधिक वैमानिक आणि विमानकंपनीची देखभाल असलेल्या विमानाची ही कथा. एका माणसाने बांधलेल्या आणि त्यानेच सांभाळलेल्या विमानात लाल फडके बांधलेले साधे आवरण किती मोलाचे असते, हे वेगळे सांगायला नको. लाकडी पंखा, म्हणजे प्रोपेलर, असलेल्या विमानात आणखी एक काम असते. हवेतील दमटपणानुसार लाकूड फुगते आणि सुकते, त्यामुळे पावसाळ्यात घट्ट असलेले बोल्ट थंडीत सैल पडतात, आणि ऋतू बदलला की ते ठरावीक जोराने पुन्हा आवळावे लागतात.

यंत्राइतकाच माणूसही गंजतो. अमेरिकेत प्रवासी बरोबर घ्यायचा असेल तर वैमानिकाने मागील ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे केलेली असावीत असा नियम आहे, आणि हौशी बांधणीच्या विमानाची दर बारा महिन्यांनी स्थिती-तपासणी व्हावी लागते. नियम कमीत कमी काय ते सांगतो. अनुभवी बांधणीकार खंडानंतरचे पहिले उड्डाण एकट्याने, वारा शांत असताना, धावपट्टीच्या वरच्याच वर्तुळात आणि टाकीत ताजे इंधन घेऊन करतात. त्यानंतर उतरून इंजिनाचे आवरण काढतात आणि तेलाची गळती, सैल नळ्या व घासलेल्या तारा शोधतात. हे पहिले उड्डाण म्हणजे नवीन विमानाच्या पहिल्या उड्डाणाची लहान आवृत्तीच असते, आणि तसे मानण्याची शिस्त ज्या समाजात रुजली तेथेच हा छंद टिकला.

ही शिस्त कशी रुजली, हे पाहण्यासाठी थोडे बाहेर जावे लागते. हौशी बांधणीचे विमान विमानाच्याच वयाचे आहे, कारण आरंभी दुसरे विमान नव्हतेच. ब्राझिलियन वैमानिक सांतोस-द्युमाँ याने आपल्या देम्वाझेल या चिमुकल्या विमानाचे आराखडे विनामूल्य खुले केले. भारतात १९१० मध्ये मद्रास येथे हॉटेलचालक असलेल्या जाकोमो द’आंजेलिस याने स्थानिक कारखान्याच्या मदतीने विमान तयार करवून उडवले. देशातील पहिल्या उड्डाणांत एका हौशी माणसाचे विमान असावे, ही बाब आजच्या नियमबद्ध काळात लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये आँरी मिन्ये याच्या ‘आकाशातील ऊ’ या टोपणनावाच्या विमानाने घरोघर बांधणीची लाट आणली. मग ओळीने अपघात झाले, वातबोगद्यातील चाचण्यांत असे दिसले की एका मर्यादेपेक्षा अधिक नाक खाली गेल्यास ते सावरता येत नाही, आणि उड्डाणबंदी आली. उत्साह अफाट आणि तपासणी शून्य असली की काय होते, त्याचा हा पाठ होता. १९५३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी याने एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली, तिने या पाठाचे संस्थेत रूपांतर केले. गावोगाव शाखा निघाल्या. बांधणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर शेजारच्या गॅरेजमध्ये जाऊन सांधे, रिबटे आणि इंधननळ्या पाहणारे स्वयंसेवक सल्लागार तयार झाले. विमानाचा मोठा भाग बांधणीकाराने स्वतः बांधलेला असावा आणि पहिले काही तास ठरावीक क्षेत्रातच चाचणी-उड्डाणे व्हावीत, ही चौकट सरकारनेही मान्य केली. आपली चूक आपल्याला दिसत नाही, या अडचणीवर तिथे शेजारी हा उपाय सापडला.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा बहुधा शिवकर बापूजी तळपदे यांच्यापासून सुरू होते. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील या संस्कृतप्रेमी गृहस्थांनी १८९५ मध्ये चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडवले, अशी समजूत रूढ आहे, आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. या उड्डाणाचा समकालीन, तपासता येण्याजोगा पुरावा उपलब्ध नाही. त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये चिकित्सा केली, तेव्हा तो विसाव्या शतकातच रचला गेल्याचे आणि त्यातील विमाने उडू शकत नसल्याचे त्यांनी दाखवून दिले. पुणतांब्यात योगी चांगदेवांची समाधी आहे, आणि वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना भेटायला ज्ञानेश्वर भावंडे भिंत चालवत गेली ही कथा महाराष्ट्रातील लहान मुलालाही माहीत असते. ती कथा अहंकार आणि ज्ञान यांविषयी आहे आणि भिंतीला कोणते इंजिन होते असे विचारणारा अरसिक ठरेल. चौपाटीच्या उड्डाणाचा दावा मात्र यंत्रविद्येचा दावा म्हणून मांडला जातो, म्हणून त्याला यंत्रविद्येचेच प्रश्न विचारावे लागतात: आराखडा कोठे आहे, वजन किती होते, शक्ती कशातून मिळाली, दुसरे उड्डाण कधी झाले. विमानविद्येत एकदाच घडलेली गोष्ट सिद्ध मानली जात नाही. खंडानंतर पुन्हा उडाले तरच ते विमान.

ज्याची नोंद आहे असे उदाहरण त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी येते. मूळचे सातारा जिल्ह्यातील आणि व्यवसायाने प्रवासी विमानांचे वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून विमानबांधणीचे प्रयत्न केले. पहिले दोन प्रयत्न उड्डाणापर्यंत पोहोचले नाहीत, आणि तिसरे, टीएसी-००३ नावाचे सहा आसनी विमान, त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांना पाहायला मिळाले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही त्याचा मुक्काम जमिनीवरच होता, कारण विमानाला हवेत जाण्यासाठी आधी नोंदणी लागते, म्हणजे राष्ट्रीय नोंदवहीत त्याला ‘व्हीटी’ या आद्याक्षरांनी सुरू होणारे चिन्ह मिळावे लागते, आणि मग उड्डाणाची परवानगी लागते, म्हणजे ते ठरावीक अटींवर उडण्यास योग्य असल्याचे शासकीय पत्र. भारतात हा कारभार १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम यांखाली नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहत आले. त्या कायद्याची जागा २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. या नियमांची रचना कारखान्यात तयार होणाऱ्या विमानांना डोळ्यांसमोर ठेवून झालेली असल्याने एका व्यक्तीने बांधलेले सहा आसनी विमान कोणत्या रकान्यात बसवायचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे लांबला. नोव्हेंबर २०१७ मध्ये विमानाला व्हीटी-एनएमडी हे चिन्ह मिळाले, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाण-चाचणीचा पहिला टप्पा पार पडला. भर पावसाळ्यात ही चाचणी होऊ शकली, याचे श्रेय खानदेशाच्या कमी पावसाला आणि गोंदूरच्या पक्क्या पट्टीला द्यावे लागते. मुंबईत ते शक्य नव्हते.

२०१७ हे वर्ष पुणतांब्याच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. १ जून रोजी या गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि राज्यभर पसरला. १ ऑक्टोबर रोजी जवळच काकडी येथे शिर्डी विमानतळाचे उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. आणि पुढच्याच महिन्यात गच्चीवरच्या विमानाची नोंदणी झाली. तिन्ही घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तरीही एकाच हंगामात एकाच राज्यात भाविकांसाठी अडीच किलोमीटरची धावपट्टी खुली होते आणि एका बांधणीकाराला आपल्या विमानासाठी नुसते नोंदणीचिन्ह मिळायलाही तेच वर्ष उजाडावे लागते, यातून विमानवाहतूक म्हणजे प्रवासी वाहतूक हेच समीकरण आपल्याकडे किती घट्ट आहे ते दिसते.

परवानगीची अडचण आहे म्हणून तपासणीच नको, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आणि घातक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे पत्र्याचे व वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाने स्वतः तयार केलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी घेताना पाते तुटून त्याचा मृत्यू झाला. त्याच्या कौशल्याची आणि जिद्दीची तेव्हा खूप वाखाणणी झाली. त्या पात्याचा सांधा आधी कोणी जाणत्याने पाहिला असता तर, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अमेरिकेत तो सांधा पाहायला शेजारच्या गावातून कोणीतरी आले असते. चारकोपच्या विमानाला अनेक वर्षे आणि फुलसावंगीच्या तरुणाला प्राण मोजावे लागले, त्यामागे उणीव एकच आहे: आपल्याकडे बांधणारे हात आहेत, कागद पाहणारे कार्यालय आहे, पण या दोहोंच्या मध्ये उभी राहणारी, सांधे तपासणारी, नोंदवही लिहायला शिकवणारी आणि खंडानंतरच्या पहिल्या उड्डाणाला ‘आज नको’ असे अधिकाराने सांगणारी संस्था नाही.

अशा संस्थेसाठी नवीन जमिनीची गरज नाही. राज्यात धुळे, बारामती, लातूर, नांदेड, यवतमाळ आणि धाराशिव येथे पक्क्या धावपट्ट्या आहेत, आणि त्यांपैकी शेवटच्या पाच २००९ मध्ये खाजगी विकासकाला भाडेपट्ट्याने दिल्यानंतर त्यांचा अपेक्षित वापर न झाल्याची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली. यांतली एक पट्टी, एक शेड आणि तेथे येऊन तपासणी करणारे दोन परवानाधारक अभियंते शासनाने हौशी बांधणीकारांना ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांसाठी उपलब्ध करून द्यावेत. साखर कारखान्याच्या बॉयलरला जी वार्षिक तपासणी गेले शतकभर सक्तीची आणि सुलभ आहे, ती माणसाने स्वतः बांधलेल्या विमानालाही तितकीच सक्तीची आणि तितकीच सुलभ करावी.